दौलतरावांचा उजवा हात

रवि., ९ नोव्हें.
प्लेट पुन्हा काळी. आज स्वतःलाच बसवून पाहिलं. खुर्चीला डोकं टेकवलं, श्वास धरला, नवऱ्याने, सुधीरने, लेझरचं शटर उघडून बंद केलं. प्लेट धुतली, वाळवली, दिव्याखाली धरली. खुर्ची आली, पाठीचे खिळेसुद्धा. माझ्या जागी माझ्याच आकाराचा काळोख.
सुधीर: "तू तर दिसूनच नाही राहिली."
नियम माहीत आहे. लेझर चालू असताना वस्तू जराही हलली, अगदी केसाच्या जाडीहून कितीतरी कमी, तरी होलोग्राम बनत नाही. आणि जिवंत माणूस हलतोच. छाती, पापणी, नुसतं रक्त. म्हणून तर इतकी वर्षं लोकांच्या पगड्या, चष्मे, प्लास्टरचे मुखवटे करते आहे. पण पुण्याच्या गॅलरीला जिवंत माणसाचं पोर्ट्रेट हवं. फेब्रु.अखेर एक नमुना. त्यावर पुढचं सगळं.
हिंगण्याच्या कारखान्यात औषधांच्या खोक्यांवरचे चमकते स्टिकर बनवायचे तेव्हा बरं होतं. कोणाला बसवावं लागत नव्हतं.

रवि., १६ नोव्हें.
माझ्या होलोग्रामच्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. नेहमीचे प्रश्न. बोलतो का? मोबाइलवर दिसेल का? लग्नात स्टेजवर आजोबा उभे करता येतील का?
दुपारी उमरेडहून दोघं आले, बाप-लेक. मुलगी माधुरी, तिशीची, उमरेडला पार्लर चालवते. वडील दौलतराव, सत्तरीच्या पुढचे. झाडीपट्टीच्या नाटकांत आयुष्यभर राजा. नाव ऐकलं होतं. लहानपणी मामाच्या गावी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकाला लोक म्हणायचे, त्यानं एक बोट वर केलं की अख्खा मंडप गप्प.
जुन्या फेट्याच्या होलोग्रामसमोर ते कितीतरी वेळ. डावीकडून, उजवीकडून, वाकून. मग सगळे करतात तेच, हात घातला. हात हवेतून गेला. तेव्हा दिसलं, उजवा हात थरथरतो. कंपवात.
"यात मानूस बसते का वं बाई?"
म्हटलं, अजून नाही जमलं.
"मंग मले बसवून पाहा."
माधुरी मागून हळूच: "फक्त चेहराच घ्या मॅडम. हात नका घेऊ."

रवि., ७ डिसें.
आमच्या जरीपटक्याच्या घरी दौ.राव. खालच्या खोलीतलं वाळूचं टेबल पाहून हसले. स्कूटरच्या ट्यूबांवर रेतीनं भरलेली पेटी. रस्त्यावरून ट्रक गेला तरी वर धक्का पोचू नये म्हणून. म्हणाले, आमचं स्टेज याच्यापेक्षा जास्त हलायचं.
आधीच सांगितलं होतं की येणार नाही. पण त्यांचा हट्ट. नाटकातला मुकुट घेऊन आले होते, पुठ्ठ्याचा, लाल-सोनेरी. मुकुट शेजारच्या स्टुलावर, ते खुर्चीत, शाल खुर्चीच्या हातावर.
मुकुट आला. शालीची वीण आली. दौ.राव नाहीत.
मला वाटलं हिरमुसतील. तर काच हातात घेऊन खिडकीशी गेले, परत आले, दिवा हलवून पाहिला. "म्हंजे जे हालते ते दिसत नाई. अन् माह्यात तं सगळंच हालते." मग मुलीला: "पाय वं, राजा गेला, मुकुट रायला."
माधुरी हसली नाही. जाताना दारात मला म्हणाली, त्यांचा हात स्थिर होता तेव्हाचा एकही फोटो धड नाही. सगळे लांबून काढलेले, मंडपाच्या मागून.

बुध., १० डिसें.
कॉलेजात देशकर सरांकडे. माझे जुने पदार्थविज्ञानाचे सर, आता निवृत्तीला आलेले. त्यांच्या लॅबमध्ये रुबी लेझर आहे हे आठवत होतं. तो सतत जळत नाही, एकदाच भपकतो. इतक्या कमी वेळासाठी की तेवढ्यात कोणीच हलू शकत नाही. पंख्यांच्या पात्यांचा कंप मोजायला घेतला होता.
सर: "चालतो. पण आतला दिवा म्हातारा झालाय. उन्हाळ्यात ही खोली कंप्युटरवाल्यांना जाणार. काय करायचं ते त्याआधी कर."
डोळ्यांना धोका नाही ना, विचारलं. मध्ये दुधी काच लावून उजेड पसरवायचा, मीटरने मोजायचा, मगच माणूस बसवायचा. दोन रविवार त्यातच जाणार. जाऊ देत.

रवि., ४ जाने.
सरांच्या लॅबमध्ये पहिला भपका! खटकन आवाज, खोली लाल, संपलं. दौ.राव: "झालं? एवढ्यात तं आमचा पडदाबी उघडत नाई."
आज चेहराच घेतला, माधुरीच्या अटीप्रमाणे. प्लेट धुऊन लेझरखाली धरली आणि अंगावर काटा आला. काचेच्या मागे माणूस! मान हलवली की कानामागचं दिसतं. कपाळावरची शीर. माझ्या हातून पहिल्यांदा.
मग नीट पाहिलं. ओठ नाहीत. कातडी मेणाची. डोळ्यांच्या बाहुल्या केवढ्या मोठ्या, अंधारात बसवलं म्हणून. आणि डोक्यावरचा लाल मुकुट पांढराफटक.
माधुरी: "मॅडम, हे तं... गेल्यावानी दिसून राहिले."
खरं होतं. लाल उजेडात लाल रंग पांढरा दिसतो, ओठही. लाल उजेड कातडीच्या आत शिरतो, म्हणून मेण. पुस्तकात वाचलेलं सगळं. वाचलं होतं तरी मला दिसलं नव्हतं, तिला पहिल्या नजरेत दिसलं.
तिने विचारलं, मग लाल उजेडात कोणता रंग काळा पडतो? म्हटलं हिरवा, निळा. ती विचारात पडली.

रवि., ११ जाने.
माधुरी मेकअपची पेटी घेऊन आली. बापाच्या ओठांना हिरवा रंग, गालांच्या खळग्यांत निळसर, भुवया काळ्या. वर दाट पावडर, उजेड आत शिरू नये म्हणून. उजेडात ते भूत दिसत होते. सर चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. दौ.राव खूश. "आयुष्यभर रंग लावला, पण हिरवे ओठ पयल्यांदाच." तोंड न हलवता बोलत होते, रंग मोडू नये म्हणून.
ऐनवेळी म्हणाले, आज हात घ्यायचा. माधुरीनं नको म्हटलं. ते म्हणाले, पोरी, माहा आहे तो.
त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. हात मांडीवर असला की हलतो. बोट वर नेताना हलत नाही. वर नेऊन धरून ठेवलं की दोन-चार क्षणांनी सुरू होतो. शेवटच्या प्रयोगात तसंच झालं. बोट वर केलं, मंडप गप्प झाला, आणि मग बोट नाचायला लागलं. कोणीतरी हसलं. मग सगळे हसले. "लोकाईची चूक नाई वं. मी पायलं असतं तं मीबी हासलो असतो." त्यानंतर स्टेज नाही.
बोट वर. थांबलो. थरथर सुरू झाल्यावर मी बटण दाबलं.
प्लेटवर हात दगडासारखा स्थिर. नखं, शिरा, बोटाची जुनी जखम. ओठ आले, चेहरा जिवंत. माधुरी रडली. "हेच पायजे होतं."
दौ.राव काचेपुढे वाकून पुष्कळ वेळ बघत राहिले. आपला थरथरता हात त्या हाताजवळ नेला, मागे घेतला. शेवटी: "चांगला आहे. पण हा कोनाचा हात आहे?"
थरथर चालू असतानाच घेतला ना मी? मग ती गेली कुठे?

गुरु., १५ जाने.
काल संक्रांत. तिळगूळ द्यायला सरांकडे गेले आणि हाच प्रश्न विचारला. ते हसले. "पंख्याच्या पात्याला हेच विचारायचो आम्ही. एका भपक्यात पातं थांबलेलं दिसतं, कंप कळत नाही. म्हणून एकाच प्लेटवर दोन भपके. एकामागोमाग, अगदी लगेच. मधल्या वेळात जे हललं त्याच्यावर काळ्या रेघा उमटतात. नकाशात डोंगर दाखवतात तशा. जास्त हललं तिथे दाट, कमी तिथे विरळ."
माणसावर केलंत कधी?
"माणूस कशाला बसेल?"
घरी येताना हेल्मेटमध्ये एकटीच बोलत होते.

रवि., १८ जाने.
दौ.रावांना सगळं समजावून सांगितलं. माधुरीलाही. ती: "काहून पण? चांगला आला आहे ना तो?" ते मात्र खुर्ची पुढे ओढून: "म्हंजे हालनं दिसन?" दिसेल बहुतेक. नक्की माहीत नाही. "मंग पाहू ना."
पहिल्यांदा दुसरा भपका उशिरा पडला, प्लेट वाया. दुसऱ्या वेळी दिवा पेटलाच नाही. सरांनी झाकण उघडलं, फुंकर मारली, वायर घट्ट केली, मनातल्या मनात काहीतरी म्हटलं. तिसऱ्यांदा दोन्ही भपके लागोपाठ पडले.
प्लेट धुताना माझे हात थरथरत होते. दौ.रावांनी पाहिलं. डोळे मिचकावले फक्त.
आलं. काय आलं ते कसं लिहू? चेहऱ्यावर विरळ, रुंद रेघा, गालावरून मानेकडे उतरलेल्या. तो श्वास असणार. गळ्याच्या एका बाजूला छोटी वर्तुळं. सर म्हणाले नाडी. आणि हात, मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत रेघाच रेघा, टोकाकडे इतक्या दाट की बोट विणल्यासारखं दिसतं.
दौ.राव एवढंच म्हणाले, "हा माहा."
माधुरी बाहेर जाऊन उभी राहिली.

रवि., २५ जाने.
माझं-माधुरीचं भांडण म्हणावं की नाही, माहीत नाही. मी सांगितलं, पुण्याला हे दुसरं पाठवायचं आहे, रेघांचं. असं मी कुठे पाहिलेलं नाही.
माधुरी: "तुमच्यासाठी नवीन आहे मॅडम. मी रोज पायतो. त्याहीच्या शर्टाची गुंडी मी लावतो, भाताचा घास मी देतो. लोक पुन्हा हासतील तं?"
काच पाहून कोणी हसणार नाही असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मला काय माहीत? मग म्हटलं, तुम्ही दोघं हो म्हणाल तरच. नाही तर दोन्ही काचा तुमच्या, मी पुण्याला नाही म्हणून कळवीन. बोलून तर गेले. इतकी वर्षं कशासाठी मग.
दौ.राव: "मले घरी नेऊन पाहू द्या. दोन्ही."

रवि., ८ फेब्रु.
मास्टर, म्हणजे मूळ प्लेट, लेझरखालीच दिसते, म्हणून दोन्हींच्या साध्या दिव्यावर दिसणाऱ्या प्रती करण्यात दोन आठवडे गेले. आज उमरेडला नेऊन दिल्या. सुधीर गाडी चालवत होता, मी मागे काचा मांडीवर घेऊन.
माधुरीच्या पार्लरमध्येच दोन खिळे ठोकले, वर एकेक दिवा. मेंदी लावून बसलेल्या दोन बायका हात वर धरून पाहायला आल्या. आधी स्थिर हाताचा पाहिला, वा वा झालं. मग दुसऱ्यासमोर थांबल्या. एकीनं डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. तसं केलं की रेघाही सरकतात, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं.
"हे काय वं, तुह्या बाबाच्या हाताले?"
माधुरी काही बोलायच्या आत दौ.राव: "जे आहे ते."
बाई: "मले तं नदीवानी दिसते." आणि परत डोकं हलवून पाहायला लागली.
कोणी हसलं नाही. दोन बायकांवरून काय ठरवायचं म्हणा. माधुरी तिच्याकडे बघत होती, काचेकडे नाही.
निघताना पुण्याचं विचारलं नाही. विचारायचं होतं.

शनि., २१ फेब्रु.
गॅलरीचा फोन. नमुना शुक्रवारपर्यंत. हो म्हटलं. काय पाठवते ते मलाच माहीत नाही.
संध्याकाळी माधुरीला फोन लावला. हसत होती, काळजीतही होती. दौ.राव सकाळच्या एसटीनं झाडीपट्टीत वडशाकडे गेले, एकटेच. जुन्या मंडळींचं नाटक आहे, बघायले जातो म्हणे. "पन मॅडम, सकाळी सकाळी मले दाढी करून दे म्हनले. अन् पावडर मागितली. बघायले जानाऱ्याले पावडर काहून लागते?"
मग तीच म्हणाली, रेघांचा फोटो लोक रोज पायले येतात. चांगल्या हातासमोर कोनी थांबत नाई, तो काढून आत ठेवला.
म्हटलं, मग पुण्याला?
मागे ड्रायरचा आवाज.
"बाबा आले की विचारतो. मीबी सांगन तुमाले, माहं काय ते."
कधी येणार?
"सांगून नाई गेले."
लाकडी पेटी करून आणली आहे, आत फोम कापून बसवला. काच अजून उमरेडच्या भिंतीवर.