उस्तादच्या हाताला काय झालं

१४ मार्च, गुरुवार

प्रिय मास्तर,

नमस्कार. तू लेकीकडे राहायला गेलास त्याला आज सहा आठवडे झाले. गुडघा कसा आहे? तिच्या घराला जिना नाही असं तुझा शेजारी सांगत होता, म्हणजे ते एक बरं झालं. इकडे मी ठीक. दुकानही ठीक चाललंय. मागच्या आठवड्यात धान्यबाजारातले अकरा वजनकाटे एकदम दुरुस्तीला आले, दोन दिवस मान वर करायला सवड नव्हती. दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा काटाही आलाय. तो शंभर ग्रॅम जास्त दाखवतो, आणि सगळ्या आया त्यावर खूश आहेत, म्हणून नर्स म्हणाली सावकाश दुरुस्त करा.

पत्राचं कारण वेगळं आहे. खानावळीबद्दल लिहायचंय. दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो तर म्हणतील, एवढा त्रास होतोय तर दुसरीकडे जेव. बावीस वर्षं एका टेबलावर दुपारचं जेवलेल्या माणसालाच हे कळेल.

मास्तर, उस्तादच्या हाताची चव गेली. म्हणजे पूर्ण गेली असती तर मीच खानावळ सोडली असती आणि प्रश्न मिटला असता. तशी जात नाही हीच पंचाईत आहे. सोमवारी वाटाण्याचं सूप भांडी विसळलेल्या पाण्यासारखं. मंगळवारी त्याच सुपात मीठ इतकं की घसा धरला. काल मासा काट्याजवळ कच्चा होता, आणि बाजूचे बटाटे मात्र असे झाले होते की डोळे मिटावेत. त्या बटाट्यांनीच घात केला. पुन्हा आशा लागली, आज गेलो, आणि आज तेच बटाटे करपलेले.

मी सगळी चौकशी केली. मासेवाल्याला विचारलं, माल तोच आहे. वाटाणे त्याच दुकानातले. दारूची शंका आली म्हणून काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघराच्या दाराशी उस्तादच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. कांद्याशिवाय कसलाही वास नाही. गल्ल्यावर त्याची बायको बसते, त्या ताईंना आडून विचारलं, तर म्हणाल्या, “आज छान झालंय की.” त्यांना रोजच छान झालेलं असतं.

तू होतास तेव्हाही वर्षभर हे चाललं होतं, पण निदान एक दिवसाआड. मंगळवार, गुरुवार, शनिवार जेवण पूर्वीसारखं आणि बाकीचे दिवस देवाच्या भरवशावर. मी दुकानातल्या कॅलेंडरवर खुणा करायचो आणि तू हसायचास. आता खुणा करायची गरज उरली नाही.

त्या बुधवारबद्दल मी या पत्रात काही लिहीत नाही. अळणी भाजीचं ताट परत पाठवणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. उस्तादला बाहेर बोलावून चारचौघांत बोललो, ते जरा जास्त झालं असेल. तू त्याची बाजू घेतलीस म्हणून तुझ्यावरही घसरलो. भुकेला माणूस बोलतो. तू निघताना सांगूनसुद्धा गेला नाहीस, त्याबद्दलही मी काही लिहीत नाही.

उत्तर पाठव.

तुझा,
काटेवाला


२ एप्रिल, मंगळवार

प्रिय मास्तर,

तुझं उत्तर नाही, तरी लिहितोय. आता मला सगळं कळलंय, आणि तुझ्यावर इतका राग आलाय की समोर असतास तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी खानावळीत बरीच गर्दी होती. कोपऱ्यातल्या टेबलावर एक जाडजूड ठेकेदार बायकोमुलांना घेऊन बसला होता. त्याने सूप परत पाठवलं. मग दुसरी वाटी आली, तीही परत पाठवली. तिसऱ्यांदा उस्ताद स्वतः बाहेर आला, हात पुसत, आणि शांतपणे विचारलं की काय बिघडलंय. ठेकेदार म्हणाला, तूच खाऊन बघ. उस्तादने चमचा उचलला, सूप तोंडात घेतलं, आणि म्हणाला की नीट तर आहे.

त्याच वेळी आत काहीतरी लागलं. आधी मला वास आला, मग दाराजवळच्या दोघी बायकांनी नाकाला पदर लावला, मग सगळी खानावळ आत बघायला लागली. निळा धूर दाराबाहेर यायला लागला. उस्तादची पाठ स्वयंपाकघराकडे होती. तो तसाच उभा, हातात चमचा, ठेकेदाराला समजावतोय की वाटाणे आजच सकाळी शिजवलेत. मास्तर, करपल्याचा वास रस्त्यावर गेला होता आणि त्या माणसाला पत्ता नव्हता. ताईंनी गल्ल्यावरून हाक मारली तेव्हा तो वळला. वळताना त्याची आणि माझी नजरानजर झाली. मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं.

काल सकाळी दुकान उघडायच्या आधी मागच्या दाराने गेलो. तो गाजरं चिरत होता. मला बघून त्यानेच सुरी खाली ठेवली आणि सांगितलं. गेल्या वर्षी हिवाळ्यात मोठा ताप आला होता ना त्याला, पंधरा दिवस खानावळ बंद होती, त्या तापात नाक गेलं. जीभही निम्मी गेली. खारट थोडं कळतं, तेही कधी कधी. डॉक्टर म्हणाले येईल, नाहीतर येणारही नाही. इतकी वर्षं हात नाकाच्या भरवशावर चालत होता. फोडणी झाली की नाही, मासा उलटायचा की नाही, हे तो बघून ठरवतच नव्हता. आता सगळं आठवणीने करायचं. बायकोला चाखायला दिलं तर ती सगळ्यालाच छान म्हणते, कारण तिला भीती वाटते की वाईट म्हटलं तर हा झारा खाली ठेवेल आणि पुन्हा उचलणार नाही.

“मास्तरांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?” त्याने विचारलं.

मी नाही म्हणालो.

“मी शब्द घेतला होता त्यांच्याकडून,” तो म्हणाला. “पण मला वाटलं, तुम्हाला तरी सांगितलं असेल.”

मग कळलं की मंगळवार, गुरुवार, शनिवार तू दहा वाजता मागच्या दाराने यायचास. व्यायामाला जातोय असं मला सांगून. गुडघ्याचा व्यायाम. मी दुकानातून तुला काठी टेकत जाताना बघायचो आणि म्हणायचो, सुधारतोय मास्तर. तू तिथे स्टुलावर बसून प्रत्येक पातेल्यातलं चाखायचास, मीठ किती, अजून किती वेळ, सगळं सांगायचास, आणि बारा वाजता माझ्यासमोर बसून असं जेवायचास की जणू पहिला घास घेतोयस. आणि मी म्हणायचो, बघ, आज कसं झालंय, याला म्हणतात सूप. तू मान डोलवायचास. अख्खं वर्ष.

मी खुळ्यासारखा कॅलेंडरवर खुणा करत होतो आणि तुला उत्तर माहीत होतं. मला का नाही सांगितलंस? मी काय गावभर केलं असतं?

तू म्हणशील, हो, केलं असतंस. त्या बुधवारी भरल्या खानावळीत तेच केलंस.

बरं. आजपासून तुझ्या जागी मी जातोय. आज पहिला दिवस. उस्तादने सूप दिलं, मी चाखलं, म्हणालो ठीक आहे. तो म्हणाला, ठीक म्हणजे काय, मीठ हवं की नको, आंबट कमी की जास्त. मला सांगता येईना. ग्रॅमच्या दहाव्या भागाचा फरक पकडणारा माणूस मी, आणि जिभेवर काय आहे ते बोलता येत नाही. शेवटी म्हणालो, मीठ टाक थोडं. दुपारी तेच सूप जेवायला बसलो तर तोंडात घालवेना. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने पाणी मागवलं, मग पुन्हा मागवलं. बावीस वर्षं मी नावं ठेवत आलो, आणि मला एवढंही येत नाही.

तू कसं चाखायचास ते लिहून पाठव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

काटेवाला


२१ एप्रिल, रविवार

प्रिय मास्तर,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. गरम चाखू नये, फुंकून गार करावं. चाखल्यावर पाण्याने चूळ भरावी. मीठ चिमटीचिमटीने वाढवावं, दर वेळी नवा चमचा घ्यावा. मासा बोटाने दाबून बघावा. खाली सही. वर माझं नावसुद्धा नाही, गुडघ्याबद्दल एक शब्द नाही. बाकी काही लिहू नकोस असं मीच लिहिलं होतं, पण तू इतकं ऐकशील असं वाटलं नव्हतं.

त्या चार ओळी उस्तादच्या ओट्यावर चिकटवल्यात. तो रोज मला विचारतो, चूळ भरलीत का. तुझ्या पद्धतीने आठवड्यातले तीन दिवस बरे जातात. परवा मासा पूर्वीसारखा झाला होता. उस्ताद दारात उभा राहून लोकांच्या तोंडाकडे बघत होता, ते बघवत नव्हतं. ताईंनाही मी बसवून सांगितलं की छान हा शब्द पंधरा दिवस बंद. त्या चिडल्या, मग रडल्या, मग चमचा घेऊन म्हणाल्या, आंबट आहे. आंबटच होतं. आज ना उद्या माझी गरज उरणार नाही.

हे सगळं लिहिणं सोपं आहे. जे लिहायला बसलो ते अजून लिहिलं नाही.

त्या बुधवारी तू म्हणालास, आवाज खाली कर, माणसाच्या हातून रोज सारखं होत नाही. आणि मी म्हणालो, “वहिनी गेल्यापासून तुला कुणी काहीही वाढलं तरी गोडच लागतं.” तू चमचा ठेवलास. तोंड पुसलंस. काठी घेतलीस आणि गेलास. मी उरलेलं जेवण संपवलं, हे तुला माहीत नाही. मान खाली घालून सगळं संपवलं, त्याच अळणी भाजीसकट.

पण माफी मागायची ती त्या वाक्याची नाही. म्हणजे त्याचीही आहे. त्याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे. तू ती कधी काढली नाहीस, आणि मला वाटायचं की तुझ्या लक्षातच आली नसेल.

माझा संसार मोडल्यापासून दर रविवारी मी तुमच्याकडे जेवायचो. नऊ वर्षं. वहिनी दारातूनच ओरडायच्या, आले बघा वजनमापवाले, आता पोळीचं वजन होणार. मग त्यांचे हात थरथरायला लागले. मीठ दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. एका रविवारी भात कच्चा राहिला आणि त्यांना ते कळलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी काय म्हणतो म्हणून. मी छान झालंय म्हणालो. आणि पुढच्या रविवारी आलो नाही. तुला सांगितलं, दुकानात काम आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही काम होतं. वहिनी जाईपर्यंत, सात महिने, मला दर रविवारी काम होतं, मास्तर. दुकान बंद असायचं. मी शटर ओढून आत बसायचो, कारण रस्त्यावर तू दिसलास तर काय सांगायचं.

जेवण बिघडलं म्हणून येत नव्हतो, असं मी स्वतःला सांगत आलो. तेही खोटं आहे. त्या बिघडतायत हे मला बघवत नव्हतं. तुला मात्र रोज रात्री तेच ताट होतं आणि तू रोज जेवत होतास. म्हणून तुला चाखता येतं. मला आत्ता कळतंय की बिघडलेलं समोर आलं की मी एक तर ओरडतो, नाहीतर पळतो. तिसरं काही मला कधी आलंच नाही.

वहिनींनी मला बोलावलं होतं का रे, त्या सात महिन्यांत? त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, मी कधी विचारलं नाही. सांगायचं नसेल तर नको सांगूस.

आज खानावळ बंद असते. तरी उस्तादने सकाळी बोलावलं होतं, सराव करू म्हणून. आम्ही दोघांनीच गाजराचं सूप केलं. मी चाखून मीठ सांगितलं आणि चुकलं, बऱ्यापैकी खारट झालं. त्याने विचारलं, कसं झालंय. मी खरं सांगितलं. मग त्याने दोन वाट्या भरल्या, आणि आम्ही समोरासमोर बसून ते संपवलं. मी उठलो नाही.

पुढच्या रविवारी सकाळी पहिल्या गाडीने तुझ्याकडे येतोय. लेकीला त्रास नको, जेवण मी करून आणीन. वाईटच असेल. दार उघडलं नाहीस तर डबा पायरीवर ठेवून परत जाईन, पण येणार.

सात महिने उशिरा आलेला, आणि त्यावर आणखी तीन वर्षं,

तुझा
काटेवाला