शेवटचं कडवं

पवनी,
ऑगस्ट १९८६ (तारीख ललिताला विचारून टाकीन)

प्रिय पंचफुला,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने काय लिहायचे! एकोडीहून तू पाठवलेलं पत्र पोचलं. तू सातवीला मराठी शिकवतेस हे वाचलं आणि ते पत्र खिडकीशी नेऊन पुन्हा एकदा वाचलं, या खेपेस उभ्याने, वर्गात वाचतात तसं. तू विचारतेस, गुरुजी, रसग्रहण शिकवू तरी कसं? मुलं गाईड पाठ करून येतात, सगळ्या वह्यांत एकच उत्तर. मध्यवर्ती कल्पना, अलंकार, रस, आवडलेली ओळ आणि ती का आवडली. अख्ख्या वर्गाला नेमकी एकच ओळ आवडते! हसू आलं मला. अगं, कोंडवाड्यात घातलेल्या गाईसारखं झालंय कवितेचं. शिंगं जागेवर, शेपूट जागेवर, पण चरणं बंद.

शकुंतला आत्ताच चहा ठेवून गेली. निवला तर निवू दे, आधी तुला लिहितो.

मी इथे लेकाकडे, सेवकरामकडे बरा आहे. खाली त्याचं कापडाचं दुकान, वर माझी खोली. खिडकीतून दोन कौलारू छपरांच्या मधून वैनगंगेचा एक तुकडा दिसतो, धोतराच्या काठाएवढा. सध्या पाणी गढूळ आहे. धानाचे रोवणे आटोपत आलेत, बाया चिखलाच्या पायांनी खालून जातात तेव्हा त्यांचं गाणं ऐकू येतं, पण पूर्ण कधीच नाही. कोपऱ्यावर वळल्या की गाणं तुटतं. उरलेलं मी मनात जुळवत बसतो. दुसरं काम तरी काय आहे? दाराला बाहेरून कडी असते. सून म्हणते, “बाबा, लावते हं,” आणि इतक्या हळू लावते, की जणू मला ऐकूच जाऊ नये. वाईट नाही ती. मान फिरवून लावते. तिची मान फिरलेली मला दाराच्या फटीतून दिसते, आणि मग मलाच तिची कीव येते.

ही कडी उन्हाळ्यापासून आहे. त्याचं असं झालं, की एका सकाळी मी टोपी घातली आणि नदीकाठच्या पायवाटेने आपल्या शाळेत गेलो. सातवीचा तास रिकामा होता. निदान मला तसं वाटलं. मी आत जाऊन खडू घेतला, फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. एक तरुण मास्तर होते तिथे, फार सालस माणूस, ते मागच्या बाकावर जाऊन बसले. पोरं टकमक बघत होती. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “आजोबा, हे आमच्या पुस्तकात नाही जी.” मी म्हटलं, नसू दे, वाच. तेवढ्यात सेवकराम सायकल घेऊन दारात. सगळ्यांसमोर म्हणाला, “बाबा, कितीदा सांगितलं तुमाले, आता तुमची शाळा नाही राहिली!” मग कॅरिअरवर बसवून घरी आणलं मला. वाटेत मागून दिसत होतं मला, बाहीने डोळे पुसून राहिला होता तो. कडी त्यानेच बसवून घेतली. मी त्याला कसं म्हणू, की काढ?

मघाशी मी शकुंतला लिहिलं का? ललिता म्हणायचं होतं, सूनबाई. सेवकरामच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली, तू आली होतीस की त्या दिवशी. खोडत नाही. तुझ्यासमोर काय खोडायचं!

तर फळ्यावरच्या त्या दोन ओळी. तुला आठवतील:

ऐलतीरावर उभा मी, ऊन गेले कलून,
नावाड्या रे, हाक ऐक, ये जरा वल्हवून.

नावाड्याची कविता. तुम्ही सातवीत होतात, त्र्याहत्तरचा हिवाळा. शाळा तपासायला डिप्टी साहेब येणार म्हणून मी वर्ग मैदानात, कडुलिंबाखाली बसवला होता. साहेब आले ते तापूनच. पलीकडच्या तीरावरून त्यांना यायचं होतं, आणि आपला नावाडी बाबुलाल डोंगा बांधून जेवायला बसलेला. साहेबांच्या हाका गावभर ऐकू आल्या, बाबुलालला सोडून. आणि नेमका माझा तास त्याच कवितेचा! साहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, “सांगा, कवी हाका मारतो आहे, तरी नावाडी का येत नाही?” त्यांना हवं होतं, की नावाडी म्हणजे देव, पैलतीर म्हणजे मृत्यूपलीकडचं. पण उठला आपला धनीराम, बाबुलालचाच लेक. म्हणाला, “जेवत असन जी!” हसून हसून पोरं एकमेकांवर लोळली. साहेबांनाही हसू आवरेना, रुमाल तोंडाशी धरला त्यांनी.

आणि मग तू उभी राहिलीस. सगळ्यांत शेवटच्या रांगेतून. म्हणालीस, “त्याले हाक ऐकू गेली आहे, गुरुजी. तो घेऊन नाही राहिला.”

साहेबांनी विचारलं, “काहून नाही घेऊन राहिला?” आपल्या झाडीपट्टीतलाच होता तो माणूस, इतका वेळ पुस्तकी बोलत होता, तेवढ्यापुरता पुस्तकी बोलायचं विसरला. तेवढ्यात धनीराम तडकून उठला, “माहा बाप सगळ्याईले घेते!” आणि तू त्याच्याकडे न पाहता म्हणालीस, “घेते ना. सगळे उतरल्यावर. एकटीले.”

मग कोणीच हसलं नाही. मी रोज सकाळी घाटावर पलीकडच्या पोरांची वाट बघत उभा राहायचो, रोज बघायचो, की डोंगा भरून येतो, रिकामा होतो, परत जातो आणि तुला एकटीला घेऊन येतो. मला वाटायचं, तुला उशीर होतो. साहेब उठले, तुझ्या पाटीवर स्वतः काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते मी आजवर तुला विचारलेलं नाही, आजही विचारत नाही.

संध्याकाळी तुझे बाबा आले होते, परसराम. दारातच उभे. “गुरुजी, पोरगी काही वाकडं बोलली का साहेबासमोर? तिचं नाव तर नाही ना कटत?” मी म्हटलं, परसराम, आत या, बसा. ती एकटीच कविता वाचून राहिली होती, बाकी आम्ही सगळे गाईड. ते बसले, पण घोंगडीच्या कडेला. पाणी घेतलं. जाताना म्हणाले, “मग शिकवू ना तिले समोर, आठवी-नववी?” त्यांना माझा जयभीम सांग. त्यांचे गुडघे कसे आहेत आता?

पुढचं तुला तुझ्या तीरावरून दिसलं, मला माझ्या. दोन-चार दिवसांनी डोंगा आला, पोरं उतरली, त्यांत धनीराम नाही. मी बाबुलालला विचारलं, अरे, पोरगा कुठे? त्याने बांबू वाळूत आपटला. “कुठी असते जी! बसला होता चांगला, डोंगा सोडताना उतरला बेटा! म्हटलं, बस ना बे, काहून उतरून राहिला? म्हणते, मी मागून येतो.” मी पलीकडे पाहिलं. पांढऱ्या वाळूवर तुम्ही दोघं, दोन काड्यांएवढी, मधात बरंच अंतर ठेवून उभी. बाबुलाल तोंडातल्या तोंडात शिव्या देत परत गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मग एकदाचा कंटाळला तो. आधी डोंग्यात तुला बसवलं, मग पोराला, मग बाकीच्यांना. माणूस सुधारला म्हणून नाही गं, पोराचा हट्ट सुटेना म्हणून. पण मला तेवढंही पुष्कळ होतं.

तेव्हा रसग्रहण कसं शिकवायचं, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. आधी पोरांना विचार, की या कवितेतलं तुम्ही काय पाहिलंय. जेवणारा नावाडी आला तरी हाकलू नकोस. तो आल्याशिवाय दुसरा येत नाही. अलंकार नंतर सांग, हवं तर घंटा होता होता सांग. आणि शेवटच्या रांगेतली मुलगी उठेपर्यंत थांब. थांबणं अवघड असतं, पोरं चुळबुळतात, हेडमास्तर व्हरांड्यातून डोकावतात. तरी थांब.

आता खरं लिहितो, कारण ललिता टपालात टाकायला पत्र मागून राहिली आहे. माझ्या कविता जाऊन राहिल्यात, पंचफुला. आधी नावं गेली कवींची, त्याचं काही वाटलं नाही. मग ओळी. मी सकाळी खिडकीत बसून एकेक म्हणून बघतो, परवा होती ती आज नसते. नावाड्याची तेवढी धरून ठेवली होती. त्या दिवशी फळ्यावर लिहायला गेलो तो यासाठीच, की पोरांसमोर उभा राहिलो तर पुढचं येईल. दोन ओळी आल्या, मधलंही थोडं आलं, आणि सेवकराम आला. शेवटचं कडवं काही केल्या आठवत नाही. जुन्या पुस्तकांना वाळवी लागली. सेवकरामला विचारलं, तर म्हणाला, “बाबा, कवितेचं राहू द्या, गोळी घ्या.” तुझं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं, कडुलिंबाखाली तुझा फाटका स्वेटर आठवतो, पण त्या माणसाचं पुढे काय झालं, ते आठवत नाही. तो अजून उभाच आहे तिथे, आणि ऊन कलत चाललंय. पुढच्या महिन्यात मला नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेणार आहेत. तिथून आलो तर हे पत्र कोणाला लिहिलं, तेही कदाचित माझ्याकडे नसेल. म्हणून त्याआधी एकदा ये. पत्राने पाठवू नकोस ते कडवं. मला ऐकायचं आहे. दाराला कडी असली तर ललिताशी भांडू नकोस, खाली रस्त्यावर खिडकीसमोर उभी राहा आणि मोठ्याने म्हण, जसं वर्गात म्हणायचीस. एवढंच सांग, शेवटी नावाडी आला होता का गं? आणि नसेल आला, तर म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नकोस. तेव्हा साहेबांनाही सांगितलं नव्हतंस.

तुझाच,
अजून अलीकडेच असलेला
केवळराम गुरुजी