थंड झाल्यावरच तोलायचं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भट्टीतून क्रुसिबलची वाटी बाहेर काढली की पाठीमागून तुमचा आवाज येतो, "घाई असेल तर घरी जा." पारनेरहून आलेला मी, तुमच्या लॅबमध्ये भांडी धुवायला लागलो होतो. वितळलेलं पोलाद ज्या लॅडलमध्ये ओततात, तिला आतून लावायच्या काळ्या विटा आपल्या कारखान्यात व्हायच्या. विटेची पूड तोलायची, जाळायची, पुन्हा तोलायची. घटलं तेवढा कार्बन. एकदा मी क्रुसिबल गरमच काट्यावर ठेवली. तुम्ही तीच थंड करून पुन्हा तोलायला लावलीत, तर वजन वाढलेलं. "गरम भांडं हलकं भरतं, मग कार्बन उगाच जास्त दिसतो. कान तिखट आहेत ना तुझे? निवताना भांडं टिकटिक करतं, ती टिकटिक थांबेपर्यंत हात लावू नकोस." नगरात स्वतःची लॅब काढली तेव्हा तुम्ही तुमचा लांब चिमटा दिलात. तो अजून हातात आहे.

माझं निम्मं काम एकाच विटावाल्याचं. गेल्या उन्हाळ्यात तो समोर बसून चहा फुंकत म्हणतो, "भाऊ, कार्बन कमी येतोय. जरा गरम गरमच तोला की. खोटं कुठं बोलायचंय? काटाच बोलंल." मी म्हणालो, "शेठ, चहा फुंकून पिताय आन् मला गरम तोलायला सांगताय?" तो लई हसला. मग हसणं मधेच तुटलं, तेव्हाच मला कळलं, तो थट्टा करत नव्हता. "तुमी न्हाई तर दुसरा तोलंल," म्हणाला.

कार्बन कमी असला की वीट लवकर झिजते, आणि लॅडलखाली माणसं वावरतात. म्हणून नाही म्हणालो. पण बाई, त्यानं काय झालं? विटा जातातच, दुसऱ्याच्या सहीनं. निम्मं काम गेलं, तेव्हा लॅबमधल्या दोघी मुलींना मीच दुसरीकडे कामाला लावून दिलं. दिवाळीनंतर भट्टी विकायची. तोवर रोज सकाळी ती तापवतो, रिकामी क्रुसिबल आत ठेवतो, काढून टिकटिक ऐकत बसतो.

हे पत्र टाकणार कुठे? चिमट्याच्या खणात राहील. एवढंच सांगायचं होतं: त्या शेठचा टेम्पो मी मागच्या फाळक्याच्या खडखडीवरून ओळखतो. परवा तो जवळ आला तसा मी उठून दार उघडून उभा राहिलो. टेम्पो पुढच्या लॅबकडे गेला. तो थांबला असता, तर मी टिकटिक थांबायची वाट पाहिली असती का, ते मला सांगता येत नाही.