कार्ड की बोर्ड

४ सप्टेंबर

पुन्हा बंद! न सांगता न सवरता – पडदा काळा. शोरूमवाल्याच्या स्वयंपाकघराचं चित्र होत आलं होतं. कपाटांची दारं, ओट्यावरची चमक, खिडकीतून येणारं ऊन, सगळं. दुपारपासून कॉम्प्युटर घरघरत होता, आणि अगदी काठावर आल्यावर फट्! मी टेबलावर मूठ आपटली. टेबलाला काही झालं नाही, हात मात्र सुजलाय.

लोकांना घर बांधायच्या आधी घर बघायचं असतं. ते दाखवणं हा माझा धंदा. आणि माझं स्वतःचं धड चालणारं यंत्र नाही.

५ सप्टेंबर

दुरुस्तीवाला येऊन गेला. खोकं उघडलं, बॅटरी मारली आणि डॉक्टरसारखा 'हं… हं…' करत बसला. "ताई, मदरबोर्ड म्हातारा झालाय. हे बघा, कपॅसिटर कसे फुगलेत." खरंच, बोर्डावरच्या त्या इवल्या डब्यांची टोपणं टम्म वर आली होती. बोर्ड बदलायचा तर त्याच्या जोडीला प्रोसेसर नवा, मेमरी नवी. म्हणजे जुनं काय राहणार? पत्र्याचं खोकं!

"आणि ग्राफिक्स कार्ड?"

"ते चालेल की अजून. नवं घातलंत तर चित्रं भराभर होतील. पण बोर्ड हा असा. कधी मान टाकेल, नेम नाही."

दोन्ही एकदम झेपणार नाही. तेव्हा बोर्ड. विषय संपला.

कसला संपतोय! बाबा दारात उभेच होते. "बोर्ड राहू दे. कार्ड घे. चित्र धड दिसत नाही. सिग्नल कळत नाही."

माझ्या पोटापाण्याचं यंत्र, आणि यांना खेळातला सिग्नल दिसायला हवा!

६ सप्टेंबर

कार्ड, कार्ड, कार्ड. जेवतानासुद्धा.

८ सप्टेंबर

बाबा जन्मभर आगगाडीचं इंजिन चालवत होते. निवृत्त झाल्यावर घरभर येरझाऱ्या घालायला लागले, तेव्हा मीच त्यांना तो आगगाडीचा खेळ घालून दिला. माझीच हौस! आता रोज संध्याकाळी माझी खुर्ची त्यांची. शेजारी स्टुलावर आमची ठकी, माझं सात वर्षांचं कार्टं, सहायक म्हणून. इंजिनात दोघं असतात, सिग्नल आला की एकाने मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तो परत म्हणायचा. नियम म्हणजे नियम. घरातसुद्धा.

"हिरवा!"

"हिरवा!"

"पिवळा!"

"पिवळा!"

भिंतीला डोकं आपटावंसं वाटतं.

आज ठकी पाणी प्यायला उठली आणि बाबांनी तेवढ्यात लाल सिग्नल तोडला. खेळ बंद, पडद्यावर दंडाची पाटी. "बघ! तुझं कार्डच नालायक!" मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." बोलायला नको होतं म्हणतात तसं काही मला वाटलं नाही. बरं वाटलं.

११ सप्टेंबर

दादाचा फोन. तिकडे दुसऱ्या गावात बसून याला अक्कल पाजळायची असते. "अगं, घेऊन टाक ना त्यांना कार्ड. या वयात किती हौस राहिलीय त्यांना!" मी म्हटलं, "तू घेऊन दे. आणि कार्डाबरोबर बाबांनाही घेऊन जा." तर म्हणतो, तुझा स्वभावच तुसडा. लांबून माया करायला काय जातं!

१२ सप्टेंबर

शोरूमवाल्याने बोलावलं होतं. एका आख्ख्या घराची फिल्म हवी, दारातून आत शिरून गच्चीपर्यंत फिरवायची. मुदत पंचवीस तारखेची. जमलं तर वर्षभराचं सगळं काम माझं. नाही जमलं तर? तर जुन्या ऑफिसात परत. तिथला साहेब 'आलात?' म्हणेल, आणि त्या एका शब्दात सगळं म्हणून घेईल. मी त्या माणसाच्या टेबलावर राजीनामा फेकून आलेय. परत जाण्यापेक्षा धुणीभांडी बरी.

येत्या सोमवारी बोर्ड बसवणार. दुरुस्तीवाल्याला सांगून टाकलं.

१५ सप्टेंबर

आज घात झाला.

मी मापं घ्यायला गेले होते. घरी आले तर कॉम्प्युटरच्या खोक्यातून लाल-निळे दिवे! दोन पंख्यांचं नवं कोरं कार्ड. बाबांनी ठकीला स्कूटरवरून शाळेत सोडलं (ते एक काम मात्र रोज चोख करतात) आणि परस्पर दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याला गाठून घरी आणला, आणि जुनं कार्ड बदल्यात देऊन नवं बसवून घेतलं. बोर्डासाठी काढून ठेवलेल्या पैशांतून!

मी दुरुस्तीवाल्याला फोनवर फाडून खाल्लं. तो म्हणाला, "ताई, बाबाच म्हणाले, तुम्ही हो म्हणालात."

खोटं! माझा बाप, ज्याने आयुष्यात एक मिनिट उशिरा पोचल्याचं खोटं कारण दिलं नाही, तो त्या दुरुस्तीवाल्याशी माझ्या नावाने खोटं बोलला. तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले. ठकी रडायला लागली. मग तिच्यावरही ओरडले.

१६ सप्टेंबर

"कसं दिसतंय तुमचं कार्ड?"

"आरशासारखं."

माझ्याकडे न बघता म्हणाले.

२० सप्टेंबर

आगीतून फुफाट्यात. नवं कार्ड जास्त वीज खातं, म्हाताऱ्या बोर्डाला ते सोसत नाही. पूर्वी दिवसातून एकदा बंद पडायचा, आता तासातासाला. जिन्यापर्यंत पोचते आणि फट्. पुन्हा दारापासून. नवरा बाहेरगावच्या साइटवरून फोनवर म्हणतो, "शांत राहा." त्याला म्हटलं, तू ये आणि माझ्या जागी शांत राहा.

२३ सप्टेंबर

गच्ची अजून दिसलेली नाही.

२५ सप्टेंबर

गेलं काम. शोरूमवाला ओरडला असता तर परवडलं असतं. "असू द्या हो, दुसऱ्या एकाकडून करून घेतलं मी," असं गोड आवाजात म्हणाला.

घरी आले तेव्हा बाबा माझ्या खुर्चीत. गाडी सुटलेली. ठकी शेजारच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. बाबांनी मान वळवली नाही. "आलीस? बस जरा इथे. आज सहायक नाही."

सहायक नाही! माझं वर्षाचं काम बुडालं आणि यांना सहायक हवा! तणतणत मी ठकीच्या स्टुलावर जाऊन बसले. बघू तरी, कशासाठी माझं वाटोळं केलंत. चित्र खरंच सुरेख होतं. रुळांमधली खडी वेगवेगळी दिसत होती, खांबावरचा गंज दिसत होता. आणि समोर सिग्नल. लाल. सुपारीएवढा, मग लिंबाएवढा, लालभडक.

"सांग की," बाबा म्हणाले.

मी निव्वळ रागाने म्हटलं, "हिरवा."

"हिरवा!" बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, आणि गाडी तशीच सोडली.

मला वाटलं, चेष्टा करतायत. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते डोळे बारीक करून समोर बघत होते, मान जरा पुढे काढून, आणि लाल दिवा आमच्या डोक्यावरून मागे गेला तरी त्यांचा हात हलला नाही. मग खेळ किंचाळला. पाटी आली.

"तू हिरवा म्हणालीस ना?"

मी विचारलं, "कधीपासून?"

"मला वाटलं पडद्याचाच दोष आहे. देवाशपथ तसंच वाटलं. नवं कार्ड बसलं, तरी सगळं तसंच धुरकट. तेव्हा कळलं."

"मग आरशासारखं का म्हणालात?"

"इंजिनावरून माणसाला डोळ्यांपायीच खाली उतरवतात, पोरी. दरवेळी तपासणीच्या आदल्या रात्री झोप यायची नाही मला. निवृत्त होईपर्यंत एकदाही नाही उतरवलं कुणी."

ओरडायला म्हणून तोंड उघडलं होतं मी. पण ते माझ्याकडे बघत होते आणि मी तोंड उघडलंय हे त्यांना दिसत नव्हतं. मी खोलीतून बाहेर आले. इतका राग आयुष्यात कधी आला नाही, आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नाही. बाप आहे माझा. समोरच्या खोलीत राहतो. मला दिसलं नाही.

२६ सप्टेंबर

सकाळी ठकीची वेणी घालताना विचारलं, "स्कूटरवर शाळेत जाताना काय काय बोलता गं तुम्ही दोघं?"

"बोलायचं नसतं," ठकी म्हणाली. "मी पुढे उभी असते ना, मी सिग्नल सांगते. मी हिरवा म्हटलं की आजोबा हिरवा म्हणतात. मग आम्ही जातो."