देवकरांचा नवा शब्द

मंगळवार, संध्याकाळ. वाडी.

आमचे गोदामाचे मॅनेजर देवकर रोज इंग्रजीचे पाच नवे शब्द पाठ करतात आणि दिवसभर आमच्यावर झाडतात. आज पेटी पडून हमाल सुखदेवची दोन बोटं चिरडली. देवकरांनी मुख्य ऑफिसला काय कळवलं? ‘मायनर इन्कन्व्हिनियन्स.’ टाइप मीच केलं. उत्तर आलं, काम चालू ठेवा.

किरकोळ गैरसोय म्हणे! बोटं त्याची, शब्दसंपत्ती यांची.

मी म्हटलं, "सर, बोटं चिरडली असं लिहू ना." तर म्हणतात, "मॅडम, तुमची व्होकॅब्युलरी फार कच्ची आहे."

सुखदेव कण्हत विचारत होता, "ताई, गाडी काहून नाही येऊन राहिली?"

शेवटी मीच ऑफिसला फोन लावला, सरळ मराठीत सांगितलं. लगेच गाडी आली. डॉक्टर म्हणाले, एकच बोट वाचेल.

पण मी तरी तासभर काहून थांबले?