मेलेल्यांचं दार

तोरिनो, रविवार

एवारिस्तोदादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. मी बरी आहे. लेकीच्या, नीवेसच्या घरात ऊब आहे, जावईही माझ्याशी जपून बोलतो. तुझा गुडघा कसा आहे? चेस्टनट वेचायला एकटा जाऊ नकोस.

तू विचारलंस, आमचं घर विकत घेणाऱ्याला मेलेल्यांचं दार फोडायचंय, चालेल का?

माझ्या ओरेस्तेची शवपेटी त्या अरुंद दारातून काढली आणि रिवाजाप्रमाणे लगेच ते विटांनी बुजवलं, आठवतं? गवंडी सेत्तीमियो म्हणाला होता, "वहिनी, पक्कं बुजवलंय. आता ओरेस्ते परत येऊन वाईन मागायचा नाही!" तू हसलास. मीही हसले.

इथल्या वाचनालयात आपल्याकडच्या डोंगरावरच्या गावांचा इतिहास वाचला. ती दारं मेलेल्यांसाठी नव्हतीच म्हणे. लढायांच्या काळात माणसं खालचं दार लावून शिडीनं या उंचावरच्या दारातून घरात शिरायची आणि शिडी वर ओढून घ्यायची.

ते घरी यायचं दार होतं, दादा. आणि ओरेस्तेच्या पाठीमागे आपण तेच बुजवलं.

फोडू दे त्याला. फक्त पहिल्या संध्याकाळी ते थोडा वेळ उघडं ठेवायला सांग.

तुझी,
आर्जिया