कार्ता म्हणजे कागद

परवा आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारात हिमांशूने रुचीच्या पिशवीतून तिचा पासपोर्ट ओढून स्वतःच्या खिशात कोंबला, तिथून माझं आयुष्य फिरलं. हिमांशू तिचा सख्खा भाऊ. मी आडवा गेलो. त्याने विटेने माझे समोरचे दोन दात पाडले. वरून म्हणतो, "आमच्या पोरीकडं पायशीन तं डोरे काढीन."

म्हणून मी, संघदीप ताराचंद शहारे, वय एकवीस, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातून कॉलेज सोडलेला, राहणार सालेकसा, जिल्हा गोंदिया, डोकं तापलेलं असलं तरी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहितो. आज मी तो पासपोर्ट आणायला हिमांशूच्या घरी जातो आहे. परत येईनच असं नाही.

१. मोबाईल आईला, कुसुमबाईंना. आई, त्यात माझ्या फुटलेल्या तोंडाचा फोटो आहे. पाहून रडू नको, पोलिसांना दाखव.

२. मोटारसायकल मित्र जागेश्वरला.

३. शब्दांची वही रुचीला. ती नर्स आहे. माल्टात नोकरी लागली, पंचवीस तारखेचं विमान आहे. तिच्या नादाने मीही नवेगाव बांध तलावाच्या पाळीवर बसून तिकडच्या भाषा शिकलो. मी वहीत पाहून 'कार्टा' वाचलं. ती म्हणाली, "कार्टा तू! हा कार्ता." इटलीत कार्ता म्हणजे कागद, स्पेनमध्ये पत्र. फ्रान्समध्ये कार्त म्हणजे नकाशा, रोमानियात कार्ते म्हणजे अख्खं पुस्तक. हाच शब्द माल्टात पोचला की पुन्हा कागदच. तिला तिचा कागद मिळाला की ती जाईल आणि माझी राहणार नाही, एवढं मला कळतं. पण कागद तिचा आहे. काल तिने निरोप धाडला, "हाती आला तं पायदळ चालत स्टेशनवर जाईन."

४. तिला लिहिलेली, कधी न दिलेली पत्रं चुलीत घालावीत. भिंतीवरचा जगाचा नकाशा हिमांशूच्या तोंडावर फेकावा. म्हणावं, शोध यात तुझं घर.

५. ~~कुऱ्हाड मी सोबत नेतो. त्याचा हात खांद्यापासून उतरवीन.~~

इथवर लिहून जागेश्वर आणि शेजारच्या सुशिलाबाईंना सहीला बोलावलं. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, हे जागेश्वरला आधीच सांगितलं.

"गाडी गेली खड्ड्यात. सही करतो, पन कुऱ्हाड इथंच राहीन."

"काऊन बे?"

"तू त्याले तोडशीन, तं पोलीस रुचीलेच पहिले ठाण्यात बसवतीन. मंग कोनतं विमान?"

म्हणून कलम ५ खोडलं. कुऱ्हाड जागेश्वरने उचलून नेली. कलम २ रद्द, मोटारसायकल बाबांना. हिमांशूच्या अंगणात बसेन, मारील तेवढा मार खाईन, पण कागद घेतल्याशिवाय उठणार नाही.

सही: संघदीप ताराचंद शहारे
आम्हा दोघांदेखत त्याने सही केली:
१. जागेश्वर
२. सुशिलाबाई (अंगठा)
सालेकसा, १८ सप्टेंबर २०२५

ता.क. आई, हा कागद तांदळाच्या डब्यात ठेवतो, रांधताना तुला सापडेल. हात रिकामे आहेत. कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून जाताना दार ओढून घेतो.